कन्स्ट्रक्टरमधील आर्ग्युमेंटची तपासणी

समजा, जावामध्ये आपण 'अपूर्णांक' नावाचा क्लास लिहिला. त्याचा कन्स्ट्रक्टर अंश आणि छेद असे दोन पूर्णांक घेतो. छेद म्हणून 0 दिला तर? तपासणी नसेल तर ऑब्जेक्ट तयार होते. पुढे कुठेतरी भागाकार करताना 'अरिथमेटिक एक्सेप्शन' येते आणि मूळ चूक शोधणे अवघड जाते.

म्हणून कन्स्ट्रक्टरच्या सुरुवातीलाच छेद तपासा. तो 0 असल्यास 'इल्लीगल आर्ग्युमेंट एक्सेप्शन' थ्रो करा. नुसता संदेश छापू नका. तसे केल्यास सदोष ऑब्जेक्ट तयार होतेच. एक्सेप्शन थ्रो केल्यास 'न्यू' वापरणाऱ्या कोडला ऑब्जेक्ट मिळतच नाही.

दोन्ही फील्ड प्रायव्हेट आणि फायनल ठेवा. मग छेद नंतर बदलता येत नाही आणि एकदा केलेली तपासणी पुरेशी ठरते.