घारीची वाट, विमानाची वाट



मी कामगार चळवळीत वाढलेला माणूस. विमानाचे शास्त्र मी कॉलेजात शिकलेलो नाही. पाळी संपल्यावर पुस्तके चाळून जे उमगले, तेवढेच आपल्यापुढे ठेवणार आहे.

आपल्या आंबीच्या आभाळात उन्हे तापली की घारी घिरट्या घालू लागतात. पंख न हलवता त्या वर कशा चढतात? तापलेल्या जमिनीवरची हवा हलकी होऊन वर उठते, तिच्यावर त्या तरंगतात. कामशेतला पॅराग्लायडिंग करणारी मंडळी हीच वर उठणारी हवा शोधतात, आणि ती कोठे आहे हे घारीकडे पाहून ओळखतात. म्हणजे पक्षी आणि माणूस एकाच वाटेचे वाटसरू झाले. टक्कर होते ती येथेच.

२० मे २०२४ च्या रात्री मुंबईत घाटकोपरजवळ दुबईहून येणारे प्रवासी विमान रोहित पक्ष्यांच्या थव्यावर आदळले. चाळीसच्या आसपास पक्षी मेले. विमान सुखरूप उतरले. लहान विमानाला इतकी सवड नसते. १९१२ साली कॅलिफोर्नियात कॅल्ब्रेथ रॉजर्स या नामांकित वैमानिकाच्या विमानाला एक समुद्रपक्षी धडकला आणि तो प्राणाला मुकला.

एवढासा पक्षी, त्याचे एवढे भय का? हिशेब करून पाहू. घार सुमारे ७०० ग्रॅमची. विमानाचा वेग ताशी १८० किलोमीटर धरा. तिच्या धडकेत जी शक्ती आहे, तेवढीच १० किलोचे वजन ९ मीटर उंचीवरून, म्हणजे तीन मजल्यांवरून, टाकले तर असते. वेग दुप्पट झाला की हा मार चौपट होतो. मोठ्या प्रवासी विमानाची पुढची काच सुमारे १.८ किलोच्या पक्ष्याचा मार सोसेल अशी करावी लागते. चार आसनी विमानाच्या काचेला सहसा तशी अट नसते. ती फुटली की तुकडे आणि वारा थेट वैमानिकाच्या तोंडावर येतात.

म्हणून शिकाऊ वैमानिकाला सांगतात: पक्षी दिसला तर शक्यतो वरच्या अंगाने टाळ, कारण घाबरलेला पक्षी बहुधा खाली झेप घेतो. धडक झालीच, तर आधी विमान सांभाळ, वेग कमी कर, मग बाकीचे पाहा. पण उड्डाणाच्या व उतरण्याच्या वेळी विमान जमिनीलगत असते. बहुतेक धडका तेव्हाच होतात, आणि तेव्हा वळायला जागा नसते.

मग उपाय जमिनीवरच शोधला पाहिजे. घार आभाळातून येते खरी, पण तिला बोलावते ती आपली घाण. १९३७ च्या विमान नियमांतील ९१ व्या नियमाने विमानतळाच्या १० किलोमीटरच्या परिघात उघड्यावर जनावरे कापणे व कचरा टाकणे यांस मनाई केली. कायदा शहाणा आहे. पण कागदावरच्या कायद्याने कचरा उचलला जात नाही. तो सफाई कामगार उचलतो. त्याला झाकलेली गाडी, हातमोजे आणि वेळेवर पगार मिळाला, खाटकाला आपली घाण टाकायला बंदिस्त जागा मिळाली, तर घार आपोआप दुसरीकडे जाईल.

बारामतीच्या धावपट्टीवर विमान शिकणाऱ्या पोराची आई मुलगा परत येण्याची वाट पाहत असते. त्या पोराचा जीव जसा त्याच्या हातांत आहे, तसाच पहाटे झाडू घेऊन निघालेल्या माणसाच्याही हातांत आहे. त्या माणसाच्या मागण्या ऐकताना एवढे ध्यानात असू द्या.