फोमच्या गादीला पिंजारी कुठला?

दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरची फोमची जुनी गादी खाली काढली. मधोमध खड्डा, हात लावला की पिवळा भुगा. भंगारवाला म्हणाला, "वहिनी, हे नाही चालत. लोखंड असलं तर द्या."

शेवटी सासूबाईंनी गड्याकडून ती परसात पेटवली. काळा धूर थेट घरात! धावत जाऊन बादलीभर पाणी ओतलं, निम्मी गादी वाचली. पण धाकट्याचा खोकला काही थांबेना. रात्रभर त्याला मांडीवर घेऊन बसले.

शाळेतले विज्ञानाचे सर ऐकून रागावलेच. "मॅडम, त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, हायड्रोजन सायनाइडसुद्धा!" सायनाइड म्हटल्यावर माझे हातपायच गळाले.

आपलं हदगाव कापसाचं. गादी दबली की पिंजारी यायचा, संध्याकाळपर्यंत गादी पुन्हा फुगलेली. फोमचं तसं का होत नाही? सरांनी सांगितलं ते मला स्वयंपाकाच्या भाषेत कळलं. पॉलिऑल आणि आयसोसायनेट ही दोन रसायनं थोड्या पाण्यासह एकत्र केली, की कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि मिश्रण इडलीच्या पिठासारखं फुगून घट्ट होतं. हेच पॉलियुरेथेन. प्लास्टिकची बादली वितळवून पुन्हा साच्यात ओतता येते. फोम मात्र भाजलेली भाकरी, तिचं पुन्हा पीठ होत नाही.

पण आता होतं म्हणे! फोमचे तुकडे ग्लायकॉल नावाच्या द्रवात सुमारे 200 अंशांवर तापवले, की त्यातले बंध सुटतात आणि पॉलिऑल परत मिळतं. त्यातून नवा फोम करता येतो. गंमत पाहा, पॉलियुरेथेनचा शोध ऑटो बायर यांनी 1937 साली जर्मनीत, लेव्हरकुसेनला लावला. आणि त्याच गावात 2021 मध्ये कोव्हेस्ट्रो कंपनीनं जुन्या गाद्यांच्या फोमपासून मूळ रसायनं परत काढणारा प्रायोगिक कारखाना सुरू केला. त्याच वर्षी फ्रान्समध्ये सेमॉय इथेही असा कारखाना निघाला. आपल्याकडे फोमच्या कातरणाचे बारीक तुकडे चिकटवून, दाबून घट्ट गाद्या करतात. पण तो जोडकामाचा प्रकार, भाकरीचं पीठ नव्हे.

वाचलेल्या गादीचा चांगला भाग कापून मी पाटावरच्या आसनांत भरला. भुगा पोत्यात बांधून माळ्यावर ठेवलाय, गॅसपासून लांब. सासूबाई परवा पोत्याकडे बघत म्हणाल्या, "त्या जर्मनीच्या पिंजाऱ्याला हदगावचा रस्ता कधी सापडायचा गं?"