मिठावाचूनची कोशिंबीर

दिवाळीच्या अंकात उन्हाळ्यातल्या कोशिंबिरीवर लिहायचे म्हणजे वरातीमागून घोडे, हे मला समजते. पण वाचकहो, या क्षणी तुमच्यासमोर फराळाचे ताट असेल तर त्याकडे जरा नीट पाहा. चकली, शेव, कडबोळी, चिवडा, खारे शंकरपाळे. लाडू-करंज्या सोडल्या तर सारे ताट मिठाचे. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसाने दिवसाकाठी पाच ग्रॅमपेक्षा, म्हणजे चहाच्या सपाट चमचाभरापेक्षा कमी मीठ खावे. तो चमचा आपण शेजारणीचा फराळ घरात येण्यापूर्वीच संपवलेला असतो. आणि घरोघरी हल्ली एखादे तरी माणूस असे असते की ज्याला डॉक्टरांनी मीठ तोडायला सांगितले आहे आणि जे तोंड वाकडे करून कसेबसे जेवते आहे. त्याच्यासाठी हा लेख. त्याला वाढणाऱ्या बाईसाठी तर अधिकच.

गोष्ट १९६६ सालच्या मे महिन्यातली. माझ्या लग्नाला तीन वर्षे झाली होती. आमचे बिऱ्हाड पुण्यात, सदाशिव पेठेत. मामंजी, म्हणजे माझे सासरे, मुख्याध्यापकाच्या जागेवरून निवृत्त होऊन वर्ष-दीड वर्ष झाले होते. अंगाने काटक, शब्दाला करडे. १९३० साली शिरोड्याला मिठाचा सत्याग्रह झाला तेव्हा नोकरी नुकतीच लागलेली असतानाही ते तिकडे गेले होते आणि कैद भोगून आले होते. अशा माणसाला फेब्रुवारीत चक्कर आली, रक्तदाब फार चढलेला निघाला, आणि डॉक्टरांनी गोळ्यांबरोबर फर्मान काढले : मीठ बंद. लोणचे, पापड, सांडगे, सगळे बंद.

मामंजी हसून म्हणाले, "इंग्रज सरकारला जे जमलं नाही, ते तुम्ही एका चिठ्ठीवर केलंत की हो!"

हसले खरे, पण त्या दिवसापासून त्यांचे जेवण तुटले. अळणी आमटी, अळणी भाजी. दोन घास घेत आणि ताटावरून उठत. कुरकूर मात्र एका शब्दाची नाही. दोन महिन्यांत सदऱ्याचे खांदे उतरले. गंमत अशी, की माणूस वाळत चालला होता आणि रक्तदाब होता तिथेच होता. डॉक्टरही बुचकळ्यात पडले. शेवटी म्हणाले, "महिनाभर हवापालट करून पाहा."

यजमानांच्या एका स्नेह्यांचा लोणावळ्यास वलवणच्या बाजूला बंगला होता. त्याच्या मागच्या दोन खोल्या आम्हाला मिळाल्या. यजमान नोकरीमुळे पुण्यातच राहिले. सासूबाई, मामंजी, मी आणि माझा सव्वा वर्षाचा मुलगा, असे आम्ही निघालो. तळेगाव मागे पडले की मावळची हवा अंगाला लागते. वडगाव, कान्हे, कामशेत, मळवली. भाताची खाचरे मोकळी पडलेली, मधूनमधून राब भाजल्याचे काळे चौकोन, आणि मळवलीला डाव्या हाताला लोहगड-विसापूरची जोडी. मावळ म्हटले की आज लोक इंद्रायणी तांदूळ म्हणतात. पण ते वाण वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून १९८७ साली बाहेर आले. तेव्हा आम्ही मावळात पिकलेला आंबेमोहोर खात होतो.

लोणावळा सव्वासहाशे मीटर उंचीवर. पुण्यात दुपारी फरशी तापे, इथे संध्याकाळी पांघरूण लागे. मामंजी पहाटे फिरायला जात ते कैवल्यधामपर्यंत. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली काढलेली ही संस्था. स्वामीजी त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये निवर्तले होते. मामंजी फाटकाशी क्षणभर थांबत आणि परत फिरत. हवेने त्यांना झोप येऊ लागली, पण भूक काही आली नाही.

आता कोशिंबिरीकडे येते. मला वाटले, शिजवलेले अन्न अळणी लागते, तर कच्चे द्यावे. पहिल्या दिवशी काकडीची दह्यातली कोशिंबीर केली, नेहमीचीच, फक्त मीठ वगळून. मामंजींनी एक चमचा तोंडात घातला आणि शांतपणे म्हणाले, "सूनबाई, गांधीजींनीसुद्धा १९२९ साली कच्च्या अन्नाचा प्रयोग केला होता. आणि सोडून दिला होता." मी काय समजायचे ते समजले.

दुसऱ्या खेपेस मुंबईहून आलेल्या पाहुण्यांनी आणलेला अननस होता. फोडी करून दह्यात कालवल्या, वर डाळिंबाचे दाणे. दिसायला इतकी देखणी, की मी स्वतःवर खूश. जेवायला बसेपर्यंत तासभर गेला आणि सगळे दही कडू झालेले! पुढे कित्येक वर्षांनी नातीने मला कारण सांगितले. कच्च्या अननसात ब्रोमेलेन म्हणून एक पाचक द्रव्य असते, ते दुधातली प्रथिने तोडते आणि त्याने कडवटपणा येतो. अननस शिजवून घेतला तर असे होत नाही. त्या दिवशी मात्र मी पाहुण्यांच्या अननसाला दोष देऊन मोकळी झाले.

आमच्या फाटकाशी रोज सकाळी एक बाई टोपली घेऊन येई. लोहगडाच्या बाजूच्या वाडीवरून निघायची आणि "डोंगरची काळी मैनाऽ" म्हणून हाळी द्यायची. पळसाच्या पानाच्या द्रोणात करवंदे. कधी पांढरी तोरणे, कधी गळाच्या कैऱ्या, कधी परसातल्या काकड्या. मुलाच्या हातावर दोन करवंदे ठेवून तिने माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "वैनी, त्वांड का उतारलंय?"

मी मिठाची कर्मकथा सांगितली. ती पायरीवर बसली. म्हणाली, "आवं, पावसाळ्यात वाट बंद झाली, घरातलं मीठ सरलं, तर आमी काय उपाशी ऱ्हातो व्हय? कवळी करवंदं नायतर कैरी घ्यायची, मिरचीसंगं पाट्यावर रगडायची. आंबाट लागलं की जिभंला मिठाची सय ऱ्हात न्हाई." आणि टोपलीच्या तळातून ओंजळभर अर्धकच्ची, लालसर करवंदे काढून तिने माझ्या पदरात टाकली. पैसे घेतले नाहीत.

आंबटाने मिठाची उणीव झाकली जाते, हे आता आहारतज्ज्ञही सांगतात. मला ते त्या पायरीवर कळले.

त्याच दुपारी दुसरेही एक कळले. मुलगा कुरकुरत होता, म्हणून मामंजींसाठी वेगळ्या पातेलीत केलेल्या अळणी आमटीत मी त्याचा भात कालवला. पोरगे मिटक्या मारू लागले. मी बोट लावून चाखले. आमटी अळणी नव्हती! मीठ आमच्या आमटीहून थोडे कमी, पण होते.

सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांचा हात नकळत कनवटीला गेला. तिथे कागदाची पुडी होती.

"तू सांगणार त्यांना?" त्यांनी हळूच विचारले.

मी काहीच बोलले नाही.

"शिरोड्याहून सुटून आले तेव्हा अर्धे झाले होते," त्या म्हणाल्या. "येताना रुमालाच्या गाठीत चिमूटभर मीठ आणलं होतं. म्हणाले, हे आपलं. त्या माणसाच्या पानात मी अळणी वाढू? तू वाढशील, तुझं शिक्षण झालंय. माझा हात होत नाही गं."

डॉक्टरांना न उलगडलेले कोडे माझ्यापुढे असे उलगडले. पण पस्तीस-चाळीस वर्षे संसार केलेल्या बाईला तीन वर्षांच्या सुनेने काय सांगावे? मी एवढेच म्हटले, "आई, आज कोशिंबीर मला करू द्या. त्यात मात्र तुम्ही काही घालू नका. एकच दिवस."

त्या दिवशी केली ती कोशिंबीर मी आजही तशीच करते. चौघांना पुरेल एवढे प्रमाण सांगते. दोन मध्यम काकड्या घ्याव्यात. आधी देठाकडची चकती चाखून पाहावी, कारण कडूपणा असला तर तो देठाशी आणि सालीत जास्त असतो. काकडी किसू नये, बारीक कोचवावी. किसली की पाणी सुटते. मीठ घालायचे नसल्याचा एक फायदा असा, की कोचवलेली काकडी बराच वेळ करकरीत राहते, कारण तिच्यातले पाणी ओढून काढते ते मीठच. एक लहान कांदा, लहान कैरीचा अर्धा कीस, आणि दहा-बारा अर्धकच्ची करवंदे. करवंदांचा चीक बोटांना चिकटतो, म्हणून हाताला तेलाचे बोट लावून ती चिरावीत, बिया काढाव्यात आणि धुवावीत. त्यांतली निम्मी करवंदे एक हिरवी मिरची आणि मूठभर पुदिन्याबरोबर पाट्यावर भरड वाटावीत. शहरात करवंदे मिळाली नाहीत तर कैरी वाढवावी, पण वाटण चुकवू नये. सगळी खुबी त्यात आहे. मग भाजलेल्या दाण्यांचे कूट तीन मोठे चमचे, ओले खोबरे अर्धी वाटी, साखर चहाचा एक चमचा. शेवटी दोन चमचे तेलाची जिरे-हिंगाची फोडणी, ती कडकडीत. तेल अगदीच टाळू नये. गाजर घालाल तेव्हा तर नाहीच, कारण गाजरातला केशरी अंश स्निग्धाबरोबरच अंगी लागतो. गोडसर हवी असेल तर ताटात घेताना वर पिकल्या रायवळ आंब्याच्या किंवा कलिंगडाच्या फोडी टाकाव्यात. आधी टाकल्या तर लगदा होतो.

रात्री पाने मांडली. मामंजींच्या पानात मी कोशिंबीर वाढली, नेहमीपेक्षा जरा जास्तच. त्यांनी एक घास घेतला. थांबले. दुसरा घेतला. आणि वाटी बाजूला सारली. चेहरा लाल.

"यात मीठ आहे."

"नाही मामंजी."

"मला जीभ आहे, सूनबाई. मी डॉक्टरांना शब्द दिलाय. माझ्या माघारी माझा शब्द कुणी मोडलेला मला चालायचा नाही."

माझ्या तोंडून शब्द फुटेना. सासूबाई भात वाढायला वाकल्या होत्या, त्या तशाच वाकलेल्या राहिल्या. मग घाईघाईने म्हणाल्या, "नाही हो, आज नाही घातलं!"

'आज' हा शब्द बाहेर पडला आणि खोलीत एकदम शांतता झाली. बाहेर घाटातून वर चढणाऱ्या गाडीची शिट्टी तेवढी ऐकू आली. मामंजींनी सासूबाईंकडे पाहिले. बराच वेळ पाहिले. त्यांना त्याच क्षणी कळले, की आधीपासून ठाऊक होते, ते मला आजतागायत समजलेले नाही. त्यांनी वाटी पुन्हा जवळ ओढली, पुसून संपवली आणि सासूबाईंपुढे धरली.

"वाढा अजून थोडी."

मी आत जाऊन उगाच भांडी हलवत बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी कनवटीची पुडी आमच्या मिठाच्या बरणीत रिकामी केली, कागद चुलीत टाकला आणि पाट्यापाशी बसून मला म्हणाल्या, "ते वाटण कसं केलंस, दाखव." पुढचे सगळे दिवस ती कोशिंबीर त्यांनीच केली. आमटीत आमसूल वाढले, भाजीत लिंबू आले. मामंजी पोळी मागून घेऊ लागले.

पुण्यास परतल्यावर डॉक्टरांनी पाऱ्याचे यंत्र लावले आणि भुवया उंचावल्या. रक्तदाब खूपसा उतरला होता. कोशिंबिरीने उतरला असे मी म्हणत नाही. गोळ्या चालूच होत्या. फक्त त्यांच्या वाटेत रोज येणारी पुडी थांबली होती. कुणी हे वाचून आपल्या गोळ्या बंद करू नयेत. आणखी एक सांगते : बाजारात कमी सोडियमचे म्हणून जे मीठ मिळते त्यात पोटॅशियम असते, मूत्रपिंडाचा विकार असेल तर किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्या चालू असतील तर ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नये. कैरीचे तसे काही नाही, दात आंबले तर आंबले.

हल्ली द्रुतगती मार्गाने लोक लोणावळ्यास तासाभरात पोहोचतात आणि चिक्कीची खोकी घेऊन परततात. करवंदवाल्या अजून मे महिन्यात रस्त्याकडेला दिसतात. द्रोण कुठे कुठे प्लॅस्टिकच्या पेल्याचा झाला आहे. मी गाडी थांबवायला लावते.

त्या वर्षी आम्ही निघालो त्या दिवशी ती बाई फलाटावर भेटली. सासूबाईंनी तिच्याकडून दोन द्रोण घेतले, एक काळ्या करवंदांचा आणि एक निवडून निवडून लालसर करवंदांचा. या खेपेस पैसे हातात कोंबले. गाडी सुटली तेव्हा मामंजी नातवाला मांडीवर घेऊन खिडकीशी बसले होते. एक करवंद दोन बोटांत धरून ते त्याला विचारत होते, "बोल, कोंबडा की कोंबडी?" पोराला धड बोलता येत नव्हते. मग सासूबाईंनीच सांगितले, "कोंबडा." मामंजींनी करवंद फोडले. आत लालभडक निघाले.