अंगणातला बंब

आंघोळीच्या पाण्यासाठी परसात तांब्याचा बंब पेटविण्याची रीत महाराष्ट्रातील बहुतेक घरांतून आता गेली. परंतु ज्यांनी तो पाहिला आहे, त्यांना त्याची रचना वेगळी समजावून सांगावी लागत नाही. मधोमध जळणाची नळी, तळाशी जाळी आणि राखेची जागा, सभोवती पाणी. हाच बंब एखाद्या लहान खोलीएवढा वाढवावा, पोलादाचा करावा, घरापासून शंभर-दीडशे फुटांवर उघड्यावर ठेवावा आणि त्यातले तापलेले पाणी जमिनीखालच्या नळांतून घरभर खेळवावे, की अमेरिकेतील मेन, व्हरमाँट, न्यूयॉर्क, मिशिगन, विस्कॉन्सिन, मिनेसोटा या उत्तरेकडील राज्यांच्या ग्रामीण भागात आढळणारी लाकडाची बाह्यभट्टी तयार होते. फरक इतकाच की आपला बंब सकाळी तासाभरापुरता पेटे. ही भट्टी ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत विझू दिली जात नाही.

त्या प्रदेशात थंडीचा पारा शून्याखाली वीस अंशांपर्यंत सहज उतरतो. घर तापविणे ही तेथे चैन नव्हे. उष्णता थांबली तर भिंतीतील नळ गोठून फुटतात. अनेक घरांत तळघरात तेलाची टाकी असते आणि ती भरून देणाऱ्या टँकरचे बिल हा हिवाळ्यातील सर्वांत मोठा खर्च ठरतो. जुलै २००८ मध्ये खनिज तेल पिंपामागे १४७ डॉलरवर गेले, २०२२ मध्ये युक्रेन युद्धानंतर घरगुती तेलाने कित्येक ठिकाणी गॅलनला पाच डॉलरची मर्यादा ओलांडली. अशा वर्षी ज्याच्या मालकीचे दहा-वीस एकर रान आहे, त्याची नजर खिडकीबाहेरील ओक आणि मेपलच्या झाडांकडे वळली नाही तरच नवल.

भट्टीचे आकर्षण खरे आहे. आग घराबाहेर राहते. त्यामुळे ठिणगीची धास्ती, राख, ढलप्या, लाकडातील किडे, सारेच उंबऱ्याबाहेर. मोठाले ओंडके न फोडता दिवसातून दोनदा टाकले की काम भागते. शिवाय एकाच भट्टीवर घर, गोठा, कामाची शेड आणि न्हाणीचे पाणी असे सारे काही तापते.

परंतु हिशेब मांडू लागले, की चित्र बदलते. तेथे लाकूड कॉर्ड या मापाने मोजतात: चार फूट रुंद, चार फूट उंच आणि आठ फूट लांब अशी रचलेली रास, म्हणजे १२८ घनफूट. चांगल्या वाळलेल्या ओकच्या एका कॉर्डमध्ये सुमारे ६५० लिटर तेलाइतकी उष्णता असते. मात्र ती सगळी घरात पोहोचत नाही. जुन्या पद्धतीच्या भट्ट्यांत निम्म्याहून अधिक उष्णता धुराड्यातून निघून जाई. भट्टी ४५ टक्के कार्यक्षम आणि तेलाची शेगडी ८५ टक्के कार्यक्षम धरली, तर कॉर्डची बरोबरी जेमतेम ३५० लिटर तेलाशी होते. नव्या, वायुज्वलनाच्या भट्टीत ७० टक्क्यांच्या वर उष्णता हाती लागली, तर हाच आकडा साडेपाचशे लिटरच्या आसपास जातो. लाकूड विकत घ्यावयाचे की स्वतःच्या रानातले तोडावयाचे, यावर पुढचे सारे अवलंबून. स्वतःचे लाकूड फुकट असते हे अर्धसत्य होय. करवत, ट्रॅक्टर आणि पाठीचा कणा यांनाही किंमत असते. भट्टी, नळ, पंप आणि बसविण्याची मजुरी मिळून खर्च दहा हजार डॉलरच्या पुढे जातो. उच्च कार्यक्षमतेच्या लाकडी उपकरणांना २०२३ पासून वर्षाला दोन हजार डॉलरपर्यंत करसवलत होती, ती ३१ डिसेंबर २०२५ रोजी संपली. जुनी माहितीपत्रके वाचून हिशेब करणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे.

खरा पेच मात्र पैशाचा नाही, धुराचा आहे. घर पुरेसे तापले, की भट्टीची झडप आपोआप मिटते, हवा तुटते आणि लाकूड जळण्याऐवजी धुमसू लागते. पुन्हा उष्णता हवी झाली की झडप उघडते आणि कोंडलेला धूर लोटावा तसा बाहेर येतो. आखूड धुराडे, भोवती थंड जड हवा. हा धूर वर न जाता जमिनीलगत पसरतो आणि शेजाऱ्याच्या खिडकीशी थबकतो. त्यातील अडीच मायक्रॉनहून सूक्ष्म कण थेट फुप्फुसात उतरतात. ज्याला बिल वाचवावयाचे आहे तो एक आणि ज्याच्या दमेकरी मुलाला रात्रभर खोकावे लागते तो दुसरा, हा या व्यवहारातील अवघड भाग आहे. व्हरमाँटने १९९७ मध्येच शेजारच्या घरापासून दोनशे फुटांचे अंतर आणि धुराड्याची उंची यांसंबंधी नियम केले. न्यूयॉर्कने २०११ मध्ये नव्या भट्टीला किमान १८ फुटांचे धुराडे आणि हद्दीपासून शंभर फूट अंतर सक्तीचे केले. केंद्रीय पर्यावरण संस्थेने २०१५ मध्ये देशभरासाठी धुराची मर्यादा ठरविली व मे २०२० पासून ती अधिक कडक केली. तेव्हा कोणाच्या तरी परसातून स्वस्तात मिळणारी जुनी भट्टी घेण्याआधी ती आपल्या गावात बसविता येईल काय, हे नगर कार्यालयात विचारून घेणे शहाणपणाचे.

इतर बाबी किरकोळ वाटतात, पण हिवाळ्यात त्यांचीच आठवण होते. पाणी फिरविणारा पंप विजेवर चालतो आणि वीज जाते ती नेमकी हिमवादळात. म्हणून जनित्र हवे. जानेवारीत आठवडाभर परगावी जावयाचे, तर भट्टीला ओंडके कोण घालणार? पाण्यात गंजरोधक औषध नियमित न घातल्यास पोलाद आतून खाल्ले जाते. जमिनीखालचा नळ उष्णतारोधक वेष्टनाविना टाकला असेल, तर त्याची साक्ष बर्फच देते: सगळे अंगण पांढरे असताना भट्टीपासून घरापर्यंत एक हिरवी पट्टी वितळलेली दिसते. त्या पट्टीत मालकाचे लाकूड जळत असते. आणि साठीतला उत्साह पंचाहत्तरीत पुरेल काय, हाही प्रश्न आहेच. म्हणूनच पुष्कळ जण तेलाची जुनी शेगडी काढून न टाकता जोडीला ठेवतात.

नुकत्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात निम्म्याच्या जवळपास पाणी असते. ते वीस टक्क्यांखाली आणावयाचे तर ओंडके फोडून, वरून झाकून, बाजूंनी वारा खेळता ठेवून रचावे लागतात, आणि ओकसारख्या घट्ट लाकडाला एक उन्हाळा पुरत नाही. पुढल्या हिवाळ्यात भट्टी पेटवावयाची असेल, तर त्याची रास आज अंगणात उभी असावयास हवी.