सात दिवसांचा पडदा

दिवाळीच्या सुमारास यवतमाळ जिल्ह्यात पऱ्हाटी फुटते. राळेगाव, वणी, दारव्हा, पांढरकवडा, कुठल्याही रस्त्याला लागा, शेतात वेचणी चालू दिसेल. त्या बोंडातला एकच तंतू काढून मायक्रोस्कोपखाली धरला, तर चपटी, पीळ पडलेली फीत दिसते. ती अख्खी फीत म्हणजे एकच पेशी असते. सरकीच्या सालीवरची एक पेशी वाढत वाढत जवळजवळ तीन सेंटिमीटर लांब होते, स्वतःच्या रुंदीच्या हजार पटींहून अधिक, आणि मग आतून थरावर थर चढवत बसते. बोंड उकललं की ती सुकून चपटी होते आणि पीळ खाते. ते थर सेल्युलोजचे असतात. हेच सेल्युलोज, थोडं बदलून, ऑपरेशननंतर माणसाच्या पोटात आतड्यांची राखण करतं. कापसाविषयी मला ठाऊक असलेल्या सगळ्या गोष्टींत ही सर्वांत विलक्षण आहे.

राखण कशापासून? चिकटण्यापासून. पोटाच्या जुन्या ऑपरेशननंतर काही वर्षांनी कुणाला तरी कळा येतात, उलट्या होतात, आणि डॉक्टर सांगतात, ‘आतडी चिकटली आहेत.’ ही तक्रार घरोघरी ऐकू येते. एका ब्रिटिश अभ्यासात, जो १९९० साली प्रसिद्ध झाला, आधी पोटाचं ऑपरेशन झालेल्या २१० जणांची पोटं पुन्हा उघडल्यावर ९३ टक्के जणांत अशी चिकट सापडली. बहुतेकांना तिचा कधीच त्रास होत नाही. पण काहींचं आतडं तिच्यात अडकतं, काही बायकांच्या गर्भनलिका आवळल्या जाऊन मूल राहत नाही, आणि दुसऱ्या ऑपरेशनच्या वेळी सर्जनला वाट काढताना आतडं फाटण्याची भीती असते. स्कॉटलंडमध्ये १९८६ साली पोटाचं किंवा ओटीपोटाचं ऑपरेशन झालेल्या सुमारे ३० हजार रुग्णांचा दहा वर्षं मागोवा घेतला, तेव्हा दर तिघांतला एक चिकटीशी संबंधित असलेल्या किंवा असू शकणाऱ्या कारणासाठी सरासरी दोनदा पुन्हा दाखल झाला होता.

आतडी मुळात एकमेकांवरून सरकत राहतात ती पेरिटोनियम या अस्तरामुळे. हे अस्तर पोटाच्या आतल्या भिंतीवर आणि अवयवांवर पसरलेलं असतं. त्याचं क्षेत्रफळ आपल्या कातडीच्या क्षेत्रफळाच्या आसपास भरतं, आणि त्याचा वरचा थर फक्त एका पेशीच्या जाडीचा असतो. हाताचा घासा लागला, हवेनं कोरडं पडलं, तरी तो सोलवटतो. सोलवटलेल्या जागी फायब्रिन हे चिकट प्रथिन पाझरतं आणि समोरासमोरच्या दोन जखमी जागा तात्पुरत्या जोडतं. शरीर हे फायब्रिन विरघळवायचं कामही लगेच हाती घेतं. विरघळलं, तर दोन-चार दिवसांत सगळं मोकळं. पण जखमेला रक्तपुरवठा कमी पडला, सूज राहिली, तर विरघळवणारी यंत्रणा मंदावते. उरलेल्या फायब्रिनवर तंतू विणणाऱ्या पेशी चढतात, कोलॅजन घालतात, त्यात रक्तवाहिन्या येतात, कधी नसासुद्धा. मग ती कायमची दोरी होते.

हा शरीराचा वेडेपणा नव्हे, हे मला आवर्जून सांगावंसं वाटतं. अपेंडिक्स फुटायला आलं की पोटातला चरबीचा पदर हाच गुण वापरून त्याला गुंडाळतो आणि पू सगळीकडे पसरू देत नाही. ऑपरेशनं सुरू होण्याच्या लाखो वर्षं आधीपासून या चिकटीनं माणसं जगवली आहेत.

आता खरी नवलाची गोष्ट. कातडीची जखम कडेकडून भरत येते, म्हणून मोठ्या जखमेला जास्त दिवस लागतात. पेरिटोनियमची जखम मात्र तळावर ठिकठिकाणी नव्या पेशींची बेटं उगवून एकाच वेळी सगळीकडून भरते. त्यामुळे जखम नखाएवढी असो की तळहाताएवढी, पाच ते सात दिवसांत अस्तर नवं होतं. म्हणजे मध्ये एखादा पडदा घालून दोन जखमी जागा जेमतेम आठवडाभर एकमेकींपासून दूर ठेवल्या की काम झालं! त्यानंतर पडदा तिथे राहिला, तर तोच परकी वस्तू म्हणून नवी कुरबुर सुरू करील. जखम भरेपर्यंत टिकायचं आणि मग मागमूस न ठेवता निघून जायचं, एवढीच अट.

कच्चा कापूस ही अट पुरी करू शकत नाही, उलट घात करतो. सर्जनच्या हातातला गॉज कापसाचाच. कोरड्या गॉजनं आतडं पुसलं तर अस्तर खरवडतं, शिवाय मागे राहिलेल्या बारीक धाग्याभोवती चिकट तयार होते, कारण आपलं शरीर सेल्युलोज मोडू शकत नाही. म्हणून गॉज सलाईनमध्ये भिजवून वापरतात. पण सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजची लांबलचक माळ. तिच्या मण्यांवरच्या ठरावीक कार्बनचं ऑक्सिडीकरण केलं की माळ शरीराला मोडता येते. असं कापड रक्त थांबवण्यासाठी १९४०च्या दशकात न्यूयॉर्कच्या व्हर्जिनिया फ्रांट्झ यांनी वापरून दाखवलं. त्याचाच विणलेला, सुधारलेला प्रकार, इंटरसीड, १९८९ साली अमेरिकेत चिकट रोखण्यासाठी मंजूर झाला. ओल्या जागेवर अंथरला की काही तासांत त्याची जेली होते आणि काही आठवड्यांत तो नाहीसा होतो. असं कापड बनवायला लाकडाचा लगदाही चालतो. सागाचं असो की सरकीवरच्या आखूड लवेचं, सेल्युलोजचा रेणू तोच.

दुसरा पडदा सेप्राफिल्म, १९९६चा. त्यात सेल्युलोजपासून केलेलं कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज आणि सांध्यांत, डोळ्यांत असणारं हायल्युरोनिक आम्ल. सुकलेल्या पापुद्र्यासारखा तो ठिसूळ असतो. ओल्या हातमोज्याला लागला की तिथेच बसतो, म्हणून सर्जनला हात कोरडे ठेवून एका प्रयत्नात जागेवर ठेवावा लागतो. मोठं आतडं काढलेल्या रुग्णांवरच्या अमेरिकी अभ्यासात, पुढच्या टप्प्याच्या ऑपरेशनच्या वेळी दुर्बिणीतून पाहिलं, तेव्हा पडदा घातलेल्यांपैकी ५१ टक्के जण चिकटीविना निघाले. न घातलेल्यांत फक्त ६ टक्के. आणि तिसरा उपाय आयकोडेक्स्ट्रिन, स्टार्चपासून केलेला द्राव. स्टार्चही ग्लुकोजचीच माळ, फक्त मण्यांचा जोड वेगळा. ज्वारीच्या भाकरीत आणि पऱ्हाटीच्या बोंडात एवढाच फरक!

पण हे पडदे रामबाण नाहीत. जागेवर रक्त साचलेलं असेल तर इंटरसीड निकामी होतो. आतड्याच्या ताज्या जोडावर सेप्राफिल्म गुंडाळला तर जोड गळण्याचा धोका वाढतो. २००६च्या एका मोठ्या अभ्यासात चिकटीमुळे आतडं अडकून पुन्हा ऑपरेशन करावं लागणाऱ्यांचं प्रमाण ३.४ वरून १.८ टक्क्यांवर आलं खरं, पण आतडं अडकण्याच्या एकूण घटना दोन्ही गटांत सारख्याच राहिल्या. त्यामुळे हलका हात, ओला गॉज, पावडर नसलेले हातमोजे आणि शक्य तिथे दुर्बिणीचं ऑपरेशन हेच अजून पहिले उपाय. आणि रुग्णाच्या बाजूनं एक: जुन्या ऑपरेशननंतर पोट फुगलं, उलट्या थांबेनात, वारा सरेना, तर घरी वाट पाहायची नाही. उमरखेडसारख्या टोकाच्या तालुक्यातून यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयापर्यंत पोचायलाच काही तास जातात.

सेल्युलोजचा शोध मात्र पुढे चालूच आहे. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१९ साली बदललेल्या सेल्युलोजच्या माळा आणि अतिसूक्ष्म कण यांची एक जेली केली. पिचकारीतून दाबली की पातळ होते, पडली की पुन्हा घट्ट, आणि हलत्या अवयवाबरोबर हलते. त्यांनी ती उंदरांच्या आणि मेंढ्यांच्या धडधडत्या हृदयावर लावून पाहिली. तिथली चिकट खूपच कमी झाली.