गांवची सामाईक कामाची खोली

शेतकरीबंधूंस हें विदितच आहे कीं, शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरी, भुदरगड, आजरा व चंदगड या आमच्या जिल्ह्याच्या डोंगरी तालुक्यांतून पोटासाठीं मुंबईस जाण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. पूर्वीं गिरणी होती, आतां संगणक आहे. फरक इतकाच कीं, गिरणीचें काम गिरणींतच करावें लागे. संगणकाचें पुष्कळसें काम मात्र जेथें वीज व इंटरनेट आहे तेथें बसून करतां येतें. मग मुलानें गांवींच राहून शहरची नोकरी कां करूं नये, हा प्रश्न सहजच उत्पन्न होतो. त्याचा येथें थोडक्यांत विचार करण्याचें योजिलें आहे.

मार्च २०२० मध्यें टाळेबंदी झाली आणि शहरांतलीं मुलें गांवीं परतलीं. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत केंद्र सरकारच्या दूरसंचार खात्यानें नियम सैल केले व अशा कंपन्यांच्या नोकरांस घरून किंवा देशांत कोठूनही काम करण्याची वाट मोकळी झाली. आमचा एक पुतण्या तेव्हां गांवीं आला होता. घरांत रेंज नसे, म्हणून तो टेकावरच्या देवळाच्या ओवरींत बसून काम करी. भातलावणीच्या दिवसांत सकाळीं दोन तास चिखलांत उभा राहून मग देवळांत जाई. पुष्कळ वर्षांनीं घरचा तरणा हात त्या शेतास लागला होता. पुढें आषाढाची झड लागली, तीन दिवस वीज आली नाहीं, कामाचा खोळंबा झाला, आणि त्यानें पुन्हा पुण्याची वाट धरली. आज तें शेत वाट्यानें लावलेलें आहे व वरचे दोन वाफे पडीक आहेत. एक कोरडी खोली, खात्रीची वीज व खात्रीची तार एवढ्याच तीन गोष्टींची तेथें उणीव होती.

या तीन गोष्टी एकट्या घरास महाग पडतात. दहा घरांनीं मिळून केल्या तर पडत नाहींत. शहरांत अशा भाड्याच्या सामाईक जागेस को-वर्किंग म्हणतात. आपल्याकडे तिला सामाईक कामाची खोली म्हणावें. दूध व ऊस ज्या रीतीनें आपण एकत्र केला, तीच ही रीत होय.

हा विचार आमच्या जिल्ह्यास अगदींच नवा नाहीं. १९९८ सालीं केंद्र सरकार, राज्य सरकार व वारणेच्या सहकारी संस्था यांनीं मिळून वारणा भागांतील सत्तर गांवांत संगणककेंद्रें उघडण्याची योजना हातीं घेतली. आपला ऊस किती गेला, तोड केव्हां मिळेल, बिल किती झालें, हें शेतकऱ्यास गांवांतच कळूं लागलें. परंतु केंद्रांचा उपयोग मुख्यत्वें उसाच्या हिशेबापुरताच राहिला, आणि वीज व यंत्रांची निगा जड जाऊं लागली. पुढें २००६-०७ च्या सुमारास कांहीं गांवांत प्रयोगादाखल तेंच काम मोबाइलच्या संदेशांवर चालवून पाहिलें गेलें. यांतून दोन गोष्टी शिकाव्या. सहकारानें असें काम उभें राहतें, ही एक. ज्या खोलीची कोणास तरी रोज गरज आहे व जो तिचें भाडें देतो, तीच टिकते, ही दुसरी. म्हणून आधीं गिऱ्हाईक मोजावें, मग खोली पाहावी.

खोली नवी बांधूं नये. संस्थेचें रिकामें गोदाम किंवा गांवठाणांतील बंद वाडा पुरे. जांभ्याची भिंत व कौलारू छप्पर असल्यास उन्हाळ्यांतही पंख्यावर भागतें. घाटमाथ्यावर विजा फार पडतात, म्हणून अर्थिंग पक्कें असावें.

विजेचा हिशेब असा : दहा लॅपटॉपांस पांचसहाशें वॅट, पंखे व दिवे यांस तीनचारशें, मिळून सुमारें एक किलोवॅट, म्हणजे आठ तासांस आठ युनिट. एक किलोवॅटचा सौरसंच निरभ्र दिवशीं सुमारें चार युनिट देतो व त्यास सुमारें शंभर चौरस फूट छप्पर लागतें. तेव्हां अडीच किलोवॅटचा संच घ्यावा. मात्र आमच्या घाटांत पावसाळ्यांत सूर्यदर्शन दुर्मिळ, म्हणून सरकारी वीज सोडूं नये आणि चार तास पुरेल एवढी बॅटरी ठेवावी. इंटरनेटच्या दोन वाटा असाव्या : एक जमिनींतून येणारी ऑप्टिकल फायबरची व दुसरी मोबाइलची, एक तुटली तरी दुसरी चालते.

खर्चाचें उदाहरण घेऊं. समजा, वीज, इंटरनेट, झाडलोट व भाडें मिळून दरमहा आठ हजार रुपये लागले. दहाजणांनीं हजार रुपये दिले, तर दोन हजार दुरुस्तीच्या निधींत पडतात. हा निधी मोडूं नये. बॅटरी कांहीं वर्षांनीं बदलावीच लागते.

कागद पक्का असावा. इमारत कोणाच्या नांवें आहे, हें मिळकत पत्रिकेवरून किंवा ग्रामपंचायतीच्या नमुना नंबर ८ वरून पाहावें. एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा असल्यास तो नोंदविलाच पाहिजे. तोंडी शब्दावर खर्च केलेला पैसा भांडणांत जातो.

आतां एक सावधगिरीची सूचना. सिक्कीममधील याकतेन या डोंगरी गांवीं जुलै २०२५ पासून बाहेरच्या नोकरदारांनीं गांवकऱ्यांच्या घरीं उतरून काम करावें, अशी सोय झाली आहे. आमच्याकडेही पाहुणे येतील. राधानगरीचें अभयारण्य २०१२ पासून जागतिक वारशाच्या यादींतील पश्चिम घाटांत मोडतें. पाहुण्यांस खोली भाड्यानें द्यावी, परंतु डोंगरउताराची जमीन विकूं नये. फेरफारांचीं दप्तरें आम्हीं हयातभर हाताळलीं. सातबाऱ्यावरून एकदां उतरलेलें नांव पुन्हा चढलेलें क्वचितच पाहिलें.

असो. ही खोली शेतीचें उत्पन्न वाढवील, असें आमचें म्हणणें नाहीं. मुलगा गांवीं राहील, म्हाताऱ्या आईबापांस आधार होईल व लावणीच्या वेळीं घरचा हात मिळेल, एवढेंच तिचें फळ. आणि डोंगरी शेतकऱ्यास तें थोडें नव्हे. आपल्या संस्थेच्या येत्या साधारण सभेंत बंधूंनीं हा विषय जरूर काढावा, आणि सभेस येतांना गांवांतील अशा मुलांची यादी बरोबर आणावी.