काकांची येझदी आणि मिणमिणता दिवा

काकांची जुनी येझदी माझ्याकडे आली तेव्हा गंगापूर रोडवर माना वळायच्या. हेडलाइट मात्र मेणबत्तीसारखा! पावसात, रात्री कसारा घाट उतरायचा म्हणजे जिवाशीच खेळ. ‘सगळं वायरिंग बदला’ हा सल्ला लगेच मिळतो. थांबा राव!

म्हैसूरच्या आयडियल जावाचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला, म्हणजे त्यांची शेवटची येझदीसुद्धा आता तिशीची. माझी सहा व्होल्टची. फंडा सोपा आहे : ३० वॉटच्या बल्बला बारा व्होल्टवर अडीच अँपिअर पुरतात, सहावर पाच लागतात. हिरवा गंज चढलेल्या कनेक्टरनं अर्धा व्होल्ट खाल्ला, तरी उजेड पडतो.

बॅटरी चार्ज करा, दिवा लावा आणि मल्टिमीटरच्या पिना कनेक्टरच्या दोन्ही बाजूंना टेकवा. आकडा शून्याच्या जवळ हवा. नसेल तर बॅटरी सोडवून पितळ बारीक पॉलिशपेपरनं घासा. सैल असेल तर नवं टोक क्रिंप करा. वायर पिळून टेप गुंडाळणं? अजिबात नाही! अर्थिंगही बघा. हौसेनं मारलेल्या नव्या रंगाखाली फ्रेमचं लोखंड झाकलं जातं, तेवढी जागा खरवडा. वायरचं आवरण तडकलं असेल, तरच नवं वायरिंग.